फुटली म्हणायचं नाही

हुसेनबी गेल्याची बातमी मला वर्गात कळली, आणि तीही एकदम नाही, तुकड्यातुकड्यांनी. चौथीच्या मुलींना मी गुणाकार सांगत होते. साखर पेठेतली, पद्मशाली विणकराची लक्ष्मी उशिरा आली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, आमच्या अक्काचा हात भरायचा राहिला. मणेरीण आता येणार नाही." मी म्हटलं, आज नाही आली तर उद्या येईल, बस खाली. थोड्या वेळाने लिंगायत गल्लीतली गुरव्वा आली. तिच्या आजीने सकाळपासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं, पण का ते तिला नीट सांगता येईना. मग आमच्या शाळेची शिपाईण साळूबाई घंटा वाजवायची सोडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाई, हुसेनबी गेली की वो. फाटंचंच गेली म्हनं." हातातला खडू मी फळ्याच्या कडेवर ठेवला. पुढचे पाढे मुलींनी आपले आपण म्हटले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. हुसेनबी ही बेगम पेठेतली मणेरीण, म्हणजे बांगड्या भरणारी बाई. दोरीत ओवलेल्या बांगड्यांचे घोस खांद्यावर टाकून ती चाळीसएक वर्षं या गावाच्या गल्ल्यागल्ल्यांतून हिंडली. हिरवं लुगडं, दातांना मिश्री, जिभेवर धार. तिच्या नावाने कुठे पाटी लागणार नाही आणि कुठला ठराव होणार नाही. पण तिची मयत दुपारी निघाली तेव्हा मी शाळेच्या गच्चीवर उभी होते. मयत विणकरांच्या आळीच्या कडेने चालली होती. पहाटेपासून खडखडणारे हातमाग एकामागून एक थांबत गेले आणि ती पुढे सरकली तसे मागचे पुन्हा सुरू झाले. असं करा म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दारादारांत बायका उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, न घेतलेल्या, कुंकवाच्या, बिनकुंकवाच्या... सोलापुरात मोठमोठ्यांच्या मिरवणुका मी पाहिल्या आहेत. अशी शांतता मात्र त्या दिवशीच ऐकली.

आमची ओळख झाली ती माझ्या अडाणीपणामुळे. आठनऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेच्या वार्षिक पुस्तिकेत 'आपल्या शहरातील धर्म व पंथ' यावर एक निबंध हवा होता आणि तो माझ्या गळ्यात पडला. मी कामाला लागले. देवळाच्या पुजाऱ्यांना भेटले, मशिदीच्या मौलवींना माझ्या थोरल्या भावाकरवी, दादांकरवी, प्रश्न पाठवले, मठात गेले, जैन बस्तीत गेले, मिशनच्या पाद्रीसाहेबांकडे चहाही प्याले. वहिनीला तो चहा कळला तेव्हा दोन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. सगळ्यांनी भरभरून सांगितलं. किल्ला कुणाकडून कुणाकडे गेला, विणकर तेलंगणातून केव्हा आले, कुठली कमान आधीची, कुणाचा मान पहिला. मी मोठ्या कागदावर रेघा ओढून रकाने पाडले. एकेका धर्माला एकेक रकाना. दिसायला तक्ता मोठा देखणा झाला होता.

तो तक्ता घेऊन मी शाळेच्या ओसरीवर बसले होते आणि हुसेनबी उन्हाची टेकायला आली होती. मी तिला 'तू' म्हणत असे. वयाने ती माझ्या आईएवढी, पण दारावर येणाऱ्या बाईला आमच्याकडे तसंच म्हणायचे, आणि मीही तेव्हा त्यात वावगं काही पाहिलं नाही.

"काय लिवताय मास्तरीणबाई?"

मी सांगितलं. तिने वाचून दाखवायला लावलं. मी वाचत गेले आणि ती तपकिरीची चिमूट तशीच बोटांत धरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "ह्ये समदं बाप्यांचं झालं की. कुनी बांदलं, कुनी पाडलं, कुनाचा मान. बायांचं कुटं हाय?"

मला राग आला. मी विचारलं, बायांचा धर्म काय वेगळा असतो? ती फिस्सकन हसली आणि तिने माझ्या तक्त्यावर बोट ठेवलं. अक्षरओळख नव्हती, पण रकाने कुणाचे हे तिने ऐकून बरोब्बर लक्षात ठेवलं होतं. या रकान्यातल्या बायकांना लाखेची बांगडी चालत नाही, म्हणाली. जैनांच्या. लाख किड्यापासून होते, जिवाची हत्या नको, म्हणून काचच हवी. या रकान्यातली म्हातारी हात भरून घेताना दुसऱ्या हाताच्या मुठीत गळ्यातलं लिंग धरून बसते, सोडत नाही. मिशनच्या कंपौंडातल्या बायका एरवी दोन-दोनच भरतात, मडमेला आवडत नाही म्हणून. पण दिवस गेले की कोपऱ्यात बोलावून हळूच हिरव्याच मागतात. "येशूबाप्पाला हिरवा रंग वाईट दिसतोय व्हय? मी इचारलं तर म्हनल्या, न्हाय, मडमेला दिसतोय."

मग मोहरमची गोष्ट निघाली. मोहरमच्या दहा दिवसांत मुसलमान बायका नवी बांगडी घालत नाहीत, हे मला माहीत होतं. ती म्हणाली, "आमचं सोडा. त्या दहा दिसांत तेलंग्यांच्या, मराठ्यांच्या किती घरांत मी पाऊल टाकत न्हाय, ठाव हाय का? नवस हाय त्यांचा. आमच्या बराबरीनं सुतक पाळत्यात." असं म्हणून तिने बोटांवर मोजत घरं सांगायला सुरुवात केली. कुणाच्या सासूचा मुलगा ताबुताखालून नेला तेव्हा वाचला, कुणाच्या आईने पंजाला ऊद घातला होता... मी ज्यांना एका रकान्यात कोंबलं होतं ती माणसं वर्षातले दहा दिवस दुसऱ्या रकान्यात राहायला जात होती आणि त्याचा पत्ता ना पुजाऱ्याला होता, ना मौलवींना. मी लेखणी घेऊन बसले ती साळूबाईने घंटा दिली तरी उठले नाही.

त्यानंतर मी तिच्या मागेच लागले. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत तिचं पाल असे. पालाला एक पडदा लावलेला. ज्या बायकांना चारचौघांत बसायचं नसे त्या पडद्यामागून नुसता हात पुढे करत. मी दिवसभर तिच्याजवळ बसले. आता आपल्याला सगळं कळलं, अशी माझी घमेंड होती. पडद्यातून एक कोवळा हात आला, मनगटाला मेंदी, हातात हिरव्या चुड्याचे जुने चार नग. मी हुसेनबीच्या कानात म्हटलं, मराठ्यांची नवी नवरी. तिने हात भरला आणि पडद्यापलीकडून आवाज आला, "खाला, जरा हौले." मोमीन विणकराची सून होती. हुसेनबी इतकी हसली की शेजारचा जत्रेतला मिठाईवाला वाकून बघायला लागला. "मास्तरीणबाई नापास!"

"मग तू कशावरून ओळखतेस?" मी चिडून विचारलं.

"मी वळकतच न्हाय. हाताला काम असतंय, बाई. ह्यो बगा, मागाच्या सुताच्या कांड्या भरून भरून बोटाला चिरा पडल्यात. तसल्याच साखर पेठेतल्या तेलंगी बायांच्या बी हायत. आता ती कोन आन् ही कोन, ते हात कसा सांगंल? धर्म दिसाला असतोय. ह्या दिशी भरायची, त्या दिशी न्हाय."

ती सहज बोलून गेली. पुढच्या गिऱ्हाइकाशी लगेच भांडायलाही लागली, कारण त्या बाईने जपानी बांगड्या मागितल्या होत्या आणि हुसेनबीचा जपानी काचेवर दात होता. मी मात्र त्या पालात बसून राहिले. ज्या गावात मी जन्मले, शिकले, शिकवते, ते गाव या बाईने मनगटामनगटांवर वाचलं होतं. गावातल्या कुठल्या ग्रंथालयात एवढं ज्ञान आहे? आणि ते चालतंय उन्हातून, अनवाणी, मिश्री लावून.

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. हुसेनबीच्या धंद्याचा एक नियम होता. बांगडी फुटली तर 'फुटली' म्हणायचं नाही. आपल्याकडे 'वाढली' म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती सांगायची की हे फक्त आपल्याकडे नाही. तेलंगी घरात मंगळसूत्राचा दोरा तुटला तर 'पेरिगिंदी' म्हणतात. त्याचाही अर्थ वाढला असाच. तिच्या स्वतःच्या घरात म्हणत, 'ठंडी हो गई'. ज्या घरात जाईल त्या घरचा शब्द ती वापरायची, चुकून कधी अदलाबदल नाही. "देव येगळे, पीर येगळे," ती म्हणाली, "पन फुटली म्हनायला समद्याच बाया भित्यात. कुटल्या बी गल्लीत जावा."

ओसरीवर आम्ही दोघीच होतो. मुली घरी गेल्या होत्या. मी लिहिता लिहिता थांबले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या फोडल्या होत्या."

मी विधवा आहे हे तिला माहीत होतंच. रिकामे हात काय लपतात? पण मी ते कुणाशी बोलत नसे. नातेपुत्याला माझं सासर. लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि मला बारावं सरत होतं. तिकडेच नवरा गेल्याची बातमी आली आणि मागल्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर दोघींनी माझे हात धरले. ते हात मला अजून आठवतात, चेहरे आठवत नाहीत. त्या दिवशी कुणी 'वाढव' म्हटलं नाही. "फोडा" म्हटलं. भाषेत हा शब्द माझ्यासारख्यांसाठी वेगळा काढून ठेवलेला आहे, एवढं मला त्या वयातही समजलं. पुढे दादांनी मला माघारी आणलं, पुण्याला ठेवून शिकवलं, नोकरी लावली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण घरातल्या शुभकार्यात मी मागच्या खोलीत असते, तेही खरं आहे.

हुसेनबीने तपकिरीची डबी बाजूला ठेवली. मग तिने माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. पंचवीस वर्षांत माझा हात असा कुणी धरला नव्हता. तिने अंगठा तळहातात दुमडला, बोटं जुळवली, पंजा चिंचोळा केला आणि माप घेतल्यासारखी बघत राहिली.

"आमच्यात मानूस गेला तवा काडलेल्या बांगडीला बी ठंडीच म्हनत्यात. येकच शबुद हाय, बाई. आन् ठंडं झालेलं चुलीवर ठिवलं की गरम हुतंय का न्हाय?"

मी हात काढून घेतला. मला तिचा संताप आला होता आणि तिथून उठवतही नव्हतं.

"माझ्याकडं तुमच्या मापाची काच हाय," ती म्हणाली. "तुमी म्हनाल तवा."

"हुसेनबी, शाळा आहे माझी. दादा आहेत. वेड लागलंय का तुला?"

"न्हाय लागलं. मी नुस्तं सांगितलं." तिने बांगड्यांचे घोस खांद्यावर टाकले आणि निघून गेली.

हे तिने पुन्हा कधी काढलं नाही. पण आठवड्यातून एकदा शाळेच्या ओसरीवर टेकली की इकडतिकडच्या गप्पा मारता मारता ती माझा हात घ्यायची आणि तेलाचं बोट लावून चोळायची. अंगठा आत, बोटं जुळवून, हळूहळू दाबत. मी पहिल्यांदा विचारलं, हे काय? ती म्हणाली, "हाडं कडक झाल्यावर बांगडी चडत न्हाय. वय हुतंय तुमचं. ऱ्हाऊ द्या, मला सवय हाय हाताची." मी फार बोलले नाही. संधिवातासाठी चांगलं, असं मी साळूबाईला सांगितलं. साळूबाई म्हणाली, "व्हय, व्हय," आणि दुसरीकडे बघायला लागली. असं एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, आठ वर्षं चाललं. ती बोलत असायची कुणाच्या बाळंतपणाबद्दल, कुठल्या पिराच्या उरसाबद्दल, करकंबच्या कुठल्याशा सोयऱ्याबद्दल, आणि तिची बोटं मात्र आपलं काम करत असायची.

निबंधाचं काय झालं तेही सांगते. मी हुसेनबीकडून ऐकलेलं सगळं लिहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी ती पानं 'विषयांतर' म्हणून काढली आणि तक्ता छापला. रकान्यांसकट. छापलेली प्रत मी हुसेनबीला दाखवली तेव्हा तिने विचारलं, "बायांचं कुटं हाय?" मी खोटं बोलले. पुढच्या वर्षी येणार आहे, म्हटलं. ती गोष्ट मला अजून टोचते.

मधे एक वर्ष गावात वातावरण फार बिघडलं. गल्ल्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या. मी तिला सांगितलं, काही दिवस बाहेर पडू नकोस. ती म्हणाली, साखर पेठेत एका पोरीला सातवा लागलाय, हिरवं भरायचं असतंय, दिवस चुकवायचा नसतोय. गेली. आळीच्या तोंडाशी चारपाच जण उभे होते, त्यांनी अडवलं. त्या पोरीची आजी घरातून बाहेर आली. तिला मराठी धड येत नव्हतं. ती भांडली नाही, काही बोलली नाही. भर रस्त्यात मांडी घालून बसली आणि तिने दोन्ही हात हुसेनबीपुढे केले. मग शेजारची बसली, मग तिसरी. त्या चारपाच जणांत एकीचा नातू होता. हुसेनबीने रस्त्यातच हात भरले, मग आत जाऊन पोरीचे भरले. मला हे साळूबाईकडून कळलं. हुसेनबीला विचारलं तर म्हणाली, "लई ऊन हुतं. रस्त्यात बसून पाट दुकली."

शेवटी भेटली ती दिवाळीनंतर. खोकत होती. माझा हात घेतला, पण बोटांत जोर नव्हता. थोड्या वेळाने मीच तिचा हात धरून बसले. तिच्या स्वतःच्या मनगटावर काच नव्हती. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्या आधी किती वर्षं गेला होता, हे मी इतक्या दिवसांत कधी विचारलंच नव्हतं. तेव्हा विचारलं. ती म्हणाली, "धाकटा पोटात हुता." म्हणजे चाळीस वर्षं या रिकाम्या हातांनी तिने गावाच्या नवऱ्या सजवल्या होत्या आणि कुठल्याच गल्लीतल्या कुठल्याच सासूने तिला अपशकुनी म्हटलं नव्हतं. ज्या गावात मला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, त्याच गावात... मी तिला विचारलं, मग तुम्ही स्वतः का नाही भरल्या? मी 'तुम्ही' म्हटलं, ते माझं मलाच ऐकू आलं. ती म्हणाली, "मला कोन भरनार? ह्या गावात मीच येक मणेरीण." आणि हसली, खोकत खोकत.

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी बेगम पेठेत गेले. धाकटी सून मेहरून आता धंदा बघते. मी दारात उभी राहिल्यावर ती गडबडली. चटई टाकली, पाणी दिलं. पाणी मी प्याले. भिंतीला खुंट्यांवर बांगड्यांचे घोस टांगलेले होते. मेहरूनने पदराने डोळे पुसले आणि मग मी उजवा हात पुढे केला.

ती माझ्या मनगटाकडे बघत राहिली. माझ्या कपाळाकडे बघितलं. मग सवयीने धंद्यातला प्रश्न विचारला, "कुटल्या रीतीच्या भरू, बाई?"

सात पंथांच्या रीती मला तोंडपाठ. कुठला रंग, किती नग, कुठल्या दिवशी. पण माझ्यासारखीने भरायच्या बांगड्यांची रीत कुठल्याच रकान्यात नव्हती. मी म्हटलं, "तुझ्या हाताला येतील त्या." तिने माझा अंगठा दुमडला, पंजा जुळवला आणि काच चढवली. मी दात आवळून बसले होते. माझ्या वयाच्या, वर्षानुवर्षं काच न घातलेल्या हाताला रक्त येतं, असं ऐकलं होतं. बांगडी सरकन मनगटावर गेली. दुसरी गेली. मेहरून थांबली आणि तिने माझा हात उलटा करून पाहिला.

"मावशी, ह्यो हात कुनी राखला वो? पोरीचा असतोय तसा हाय."

मी खुंट्यांवरच्या हुसेनबीच्या घोसांकडे पाहिलं. तिला ते थोड्या वेळाने आपोआप कळलं असावं, कारण तिने उरलेल्या बांगड्या फार हळू भरल्या.

त्यानंतरचे काही दिवस मी लांब बाह्यांचं पोलकं घातलं आणि शाळेत बांगड्या कोपराकडे सारून ठेवल्या. घरी पदर ओढून घेत होते. आज हे लिहायला बसले तर कागदावर त्या वाजतात. सहा आहेत, हिरव्या. सारल्या नाहीत. आमचे दादा हा अंक रविवारी सकाळी चहाबरोबर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, आमचे संस्थाचालकही वाचतात. त्यांना माझ्या तोंडून ऐकायला मिळायला हवं होतं, पण तेवढं धैर्य मला झालं नाही, एवढी माफी मागते. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. सोमवारी चौथीला भागाकार घ्यायचा आहे. फळ्यावर लिहिताना हात वर करावाच लागतो.